आडवं न जाणारं चाक

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



मी कविता लिहिणारा माणूस. बी.ए. झालो तो मराठी घेऊन. गणिताशी माझा संबंध दहावीला संपला आणि तो दोन्ही बाजूंच्या संमतीनं संपला. त्यामुळे आज मी गणितावर बोलणार हे ऐकून माझे मित्र हसले असतील, तर त्यात त्यांची काही चूक नाही. पण प्रसंगच तसा आला, आणि तो घरातच आला.

माझी भाची गणित घेऊन एम.एस्सी. झाली. आमच्या खानदानात इतकं शिकलेली ती पहिलीच. तिचे वडील, म्हणजे माझे मेहुणे, इचलकरंजीत टेंपो चालवतात. सुताची पोती सायझिंगला न्यायची, कापडाचे तागे गोदामाला पोचवायचे, हा त्यांचा रोजचा धंदा. आमच्या भागात बहिणीच्या नवऱ्याला दाजी म्हणतात, मीही म्हणतो. तर दाजींच्या मनात असं होतं, की पोरगी बी.एड. करील, कुठल्या तरी शाळेत लागेल आणि मग लग्नाचं बघू. पोरगी म्हणाली, मला पीएच.डी. करायची आहे. पुढची पाच-सहा वर्षं. घरात वादळ झालं. बहिणीचा मला फोन आला, ‘भाईजान, तुम्ही येऊन समजवा. तुमचं ती ऐकते.’

खरं सांगायचं तर मलाही दाजींचंच बरोबर वाटत होतं. पोट न भरणाऱ्या गोष्टीच्या मागे लागलं की घरच्यांना काय सोसावं लागतं, हे कवीला कुणी शिकवायची गरज नसते. मी समजूत घालायच्या तयारीनंच गेलो. पण समजूत घालायची तर आधी समजून तरी घ्यायला हवं. म्हणून विचारलं, ‘बेटा, नेमका कशाचा अभ्यास करणार आहेस?’

ती म्हणाली, ‘मामू, कॉन्टॅक्ट मेट्रिक मॅनिफोल्डची टोपॉलॉजी.’

कॉन्टॅक्ट मोबाइलमध्ये असतात. मेट्रिक ऐकून मला आमच्या काळची मॅट्रिकची परीक्षा आठवली. मॅनिफोल्ड तर दाजींच्या टेंपोच्या इंजिनातही आहे. टोपॉलॉजी तेवढी नवी होती. मी तसं म्हणताच ती हसली आणि म्हणाली, ‘मामू, तुम्ही बसा. मी नाश्ता आणते, मग सांगते.’

नाश्त्याला इडली आणि मेदूवडा होता. तिचा पहिला धडा त्या ताटलीतच झाला.

समजा, इडली आणि वडा दोन्ही रबराचे आहेत. ताणा, दाबा, पिळा. फक्त फाडायचं नाही, भोक पाडायचं नाही आणि चिकटवायचं नाही. इडलीचा चेंडू होईल, बशी होईल, पण वडा कधीच होणार नाही. वड्याला भोक आहे. ते कितीही ताणलं तरी जात नाही. उलट त्याच वड्याचा कानवाला कप करता येईल, कारण कानातून आरपार एकच भोक असतं. ताणूनही जे उरतं, त्याचा अभ्यास म्हणजे टोपॉलॉजी. आता इडलीभोवती दोऱ्याचा वेढा घाला आणि आवळा. दोरा घसरून निघून येतो. वड्याच्या भोकातून ओवलेला दोरा मात्र निघत नाही. न निघणारे असे स्वतंत्र वेढे किती, हे मोजून वस्तूचा आकार ओळखता येतो. ही वेढ्यांची गोष्ट लक्षात ठेवा, श्रोतेहो. शेवटी तिच्याकडे परत यायचं आहे.

मग मॅनिफोल्ड काय? इडलीवर चालणाऱ्या मुंगीला आसपास सगळं सपाट दिसतं, तसं आपल्याला पृथ्वीवर दिसतं. जवळून साधंसरळ दिसणारं, पण पूर्ण पाहिलं तर गोल असेल, वड्यासारखं असेल किंवा आणखी काही निघेल, असं कुठलंही विश्व म्हणजे मॅनिफोल्ड. ही कल्पना बर्नहार्ट रीमान या जर्मन गणितज्ञानं १८५४ साली ग्यॉटिंगेनमध्ये एका व्याख्यानात मांडली. समोर वृद्ध गाऊस बसले होते. त्या व्याख्यानात सूत्रं जवळजवळ नव्हतीच, नुसते शब्द होते. हे ऐकून मला थोडा धीर आला.

अशी विश्वं दोन मितींचीच असतात असं नाही. भाची म्हणाली, ‘अब्बांच्या टेंपोचं एक चाक घ्या. ते कुठे आहे, हे सांगायला दोन आकडे लागतात, पूर्व-पश्चिम किती आणि उत्तर-दक्षिण किती. आणि त्याचं तोंड कुठल्या दिशेला आहे, हा तिसरा आकडा. म्हणजे चाकाचं विश्व तीन मितींचं. त्यात तोंड फिरवत फिरवत पूर्ण गिरकी घेतली, की पुन्हा पहिल्या जागी. म्हणजे या विश्वात एक वेढा आपोआपच आला.’

इथवर माझं ठीक चाललं होतं. आता कॉन्टॅक्ट. त्यासाठी तिनं कपाटातून जुन्या लग्नपत्रिकांचा गठ्ठा काढला. घरात लग्नाचाच विषय चालू असताना तिनं नेमक्या त्याच काढल्या, याचं मला हसू आलं.

ती म्हणाली, ‘या खोलीतल्या हवेत प्रत्येक ठिकाणी एक एक छोटी पत्रिका तरंगते आहे, असं समजा. आणि मुंगीला नियम असा, की जिथे असशील तिथल्या पत्रिकेला धरूनच चालायचं. पत्रिका सोडून उडी मारायची नाही.’

आता दोन शक्यता. पहिली अशी, की सगळ्या पत्रिका फरशीसारख्या आडव्या आहेत. मग शेजारच्या पत्रिका एकमेकींना जुळून त्यांचा सलग पडदा होतो, पडद्यावर पडदा, ताग्याच्या घड्यांसारखे थर. मुंगी ज्या थरावर जन्मली त्याच थरावर मरणार. फरशीवरची मुंगी छतापर्यंत कधीच जाणार नाही.

दुसरी शक्यता अशी. दारापासून खिडकीकडे सरळ रेषेत निघा. दारापाशी पत्रिका आडवी आहे. जसजसं पुढे जावं तसतशी ती त्याच रेषेभोवती स्क्रूसारखी थोडी थोडी कलत जाते. खिडकीपाशी तिला उजवीकडे चांगला चढ आला आहे. आता मुंगी दारापासून निघून खिडकीपाशी गेली. तिथे चार पावलं उजवीकडे चालली. पत्रिका चढती, म्हणून मुंगीही चढली. मग तशीच दाराकडे परत आली. इथे पत्रिका आडव्या, म्हणून चार पावलं डावीकडे आली तरी उतरली नाही. फेरी पूर्ण झाली. पण मुंगी आता निघाली त्या जागी नाही, त्याच जागेच्या वर आहे! नियम कुठेही मोडला नाही, एकही उडी मारली नाही, तरी वर चढली. अशाच फेऱ्या मारत ती छतापर्यंत जाऊ शकते.

पत्रिकांची ही जी दुसऱ्या प्रकारची मांडणी, जिथे शेजारच्या पत्रिका कुठेच जुळून सलग पडदा होत नाही, तिलाच गणितात कॉन्टॅक्ट रचना म्हणतात.

मी विणकराचा मुलगा. माझे अब्बा यंत्रमागावर कामाला होते. ताणा आणि बाणा जुळले की कापड, नाही जुळले तर नुकसान, हे मी लहानपणापासून बघत आलो. न जुळणं हा दोष, हेच डोक्यात. ही मुलगी मला सांगत होती, की पत्रिका जुळल्या असत्या तर मुंगी एकाच थरात कोंडली गेली असती. त्या कुठेच जुळत नाहीत, म्हणून ती सगळीकडे जाऊ शकते. ही नुसती उपमा नाही, सिद्ध झालेली गोष्ट आहे. रशियात रशेव्हस्की यांनी १९३८ मध्ये आणि चिनी गणितज्ञ वेई-लियांग चाऊ यांनी १९३९ मध्ये, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, हे सिद्धांत म्हणून मांडलं. हातातला चहा निवून गेला होता.

चाकाचंही तेच. चाकाला नियम असा, की आडवं घसरायचं नाही. तोंड असेल त्या दिशेनं पुढे-मागे जा, किंवा जागीच तोंड फिरव. हा नियम म्हणजे चाकाच्या तीन मितींच्या विश्वातल्या पत्रिकाच. टेंपोला चाकं अनेक, स्टेअरिंगचा कोन हा आणखी एक आकडा, त्यामुळे त्याचा हिशेब थोडा लांबतो, पण मर्म हेच. आडवं जायला बंदी असलेलं वाहन आडव्या बाजूला सरकवता येतं.

आता या विषयाची थोडी जन्मकथा. तळ्यात खडा टाकला की तरंगाचं वर्तुळ पसरतं. डच शास्त्रज्ञ क्रिस्तिआन हॉयगेन्स यांनी १६९० साली प्रकाशावरच्या ग्रंथात असं मांडलं, की तरंगाच्या कडेचा प्रत्येक बिंदू जणू स्वतःच एक नवा तरंग सोडतो आणि त्या सगळ्यांना स्पर्श करणारी कड म्हणजे पुढचा तरंग. बिंदू आणि त्याला स्पर्श करणारी दिशा ही जोडी तिथूनच आली. कॉन्टॅक्टचा मूळ अर्थ स्पर्श, मोबाइलशी त्याचा काही संबंध नाही. या स्पर्शाचं रीतसर गणित १८७० च्या दशकात नॉर्वेच्या सोफुस ली यांनी उभं केलं.

या लींची हकिकत ऐकण्यासारखी आहे. १८७० साली ते पॅरिसमध्ये होते. फ्रान्स आणि प्रशिया यांचं युद्ध पेटलं, तेव्हा हा गडी पायी चालत इटलीला निघाला. वाटेत फोंतेनब्लोजवळ त्यांना पकडलं. परका माणूस, पिशवीत जर्मन भाषेतले कागद आणि त्यांवर न कळणारी चिन्हं. गुप्त संदेशच असणार! जर्मन हेर म्हणून त्यांना तुरुंगात टाकलं. सुमारे महिनाभर ते आत होते. त्यांना सोडवायला धावला तो त्यांचा फ्रेंच मित्र गास्तों दार्बू. न कळणारी लिपी दिसली की आधी संशय घ्यायचा, ही रीत जगात बरीच जुनी आहे.

आणि योगायोग बघा. याच दार्बूंनी १८८२ साली या विषयातली पायाभूत गोष्ट सिद्ध केली. ती अशी, की एकाच मितीच्या विश्वांतली कुठलीही कॉन्टॅक्ट रचना घ्या, तिचा छोटासा तुकडा कापून बघा. सगळे तुकडे सारखे! दार-खिडकीचा जो नमुना मघाशी सांगितला, तसाच प्रत्येक तुकडा. जवळून पाहून एक रचना दुसरीपासून ओळखता येत नाही म्हणजे नाहीच.

मी विचारलं, ‘मग अभ्यासाला उरलं काय? सगळंच सारखं तर विषय संपला.’

‘मामू, तिथूनच तर सुरू होतो,’ ती म्हणाली. ‘तुकड्यात फरक नाही, म्हणजे फरक असलाच तर तो सगळं मिळून जे होतं त्यात आहे. आणि सगळं मिळून काय होतं, ते सांगते टोपॉलॉजी.’

तर पहिला प्रश्न, अशी रचना कुठल्या विश्वांवर बसते? फ्रान्सच्या जां मार्तिने यांनी १९७१ मध्ये दाखवलं, की तीन मितींचं, कडा नसलेलं, आटोपशीर असं कुठलंही विश्व घ्या, त्याला डावं-उजवं नीट ठरवता येत असेल, तर त्यावर कॉन्टॅक्ट रचना बसतेच.

दुसरा प्रश्न, सगळ्या रचना एकाच जातीच्या असतात का? नाही. पुन्हा पत्रिकांकडे या. मधल्या खांबापासून सगळीकडे बाहेर जाताना पत्रिका कलत जातात. साध्या रचनेत कितीही दूर गेलं तरी त्या पाव वळणाच्याही आतच राहतात. पण काही रचनांत पीळ इतका असतो, की पत्रिका अर्धं वळण घेऊन पूर्ण उलटी होते. सुताला गरजेपेक्षा जास्त पीळ बसला की ते ढिलं सोडताच स्वतःभोवतीच गुंडाळतं, हे आमच्या गावात कुणालाही माहीत आहे. गणितातही या जातीला अतिपिळाची म्हणतात आणि दुसरीला घट्ट. या दोन जाती खरोखर वेगळ्या आहेत, नेहमीच्या साध्या रचनेत अतिपीळ कुठेही लपलेला नाही, हे दानिएल बेनेकँ यांनी १९८३ मध्ये सिद्ध केलं.

पुढचं मोठं काम याकोव्ह एलियाशबर्ग यांचं. हे लेनिनग्राडचे. सोव्हिएत देश सोडण्यासाठी त्यांनी अर्ज केला, तो नाकारला गेला आणि विद्यापीठाचे दरवाजे बंद झाले. १९८० च्या दशकातली बरीच वर्षं त्यांनी कॉम्प्युटर सॉफ्टवेअरची नोकरी करून काढली. १९८८ मध्ये ते अमेरिकेत पोचले आणि १९८९ मध्ये त्यांचा निबंध आला. त्याचं सार असं, की अतिपिळाच्या रचना लवचीक असतात. त्यांचं वर्गीकरण टोपॉलॉजीच्या ढोबळ हिशेबानं पुरं होतं. घट्ट रचना मात्र हट्टी. त्या कुठे बसतील आणि किती बसतील, हे विश्वाच्या आकारावर अवलंबून. तीन मितींच्या गोलावर घट्ट रचना नेमकी एकच असते, हे त्यांनी १९९२ मध्ये दाखवलं. आणि जिच्यावर एकही घट्ट रचना बसत नाही, अशीही एक जागा आहे, हे जॉन एटनायर आणि को होंडा यांनी २००१ मध्ये दाखवून दिलं.

माणसाला दारं बंद झाली होती, आणि तो काम करत होता ते बंदी असूनही सगळीकडे कसं पोचता येतं याच्या गणितावर. हे मी बोललो नाही. भाचीनं ते आधीच ओळखलं असणार. माझ्याकडे बघून ती थोडी थांबली.

राहिला शब्द मेट्रिक. म्हणजे माप, लांबी आणि कोन मोजायची पट्टी. जपानमध्ये सेंदाई शहरात तोहोकू विद्यापीठ आहे. तिथल्या शिगेओ सासाकी यांनी १९६० मध्ये पत्रिकांच्या रचनेला शोभेल अशी मापं कशी बसवायची, हे मांडलं. प्रत्येक पत्रिकेला आरपार एक सुई टोचलेली आहे असं समजा. पत्रिका, सुई आणि पट्टी एकमेकांशी जुळवून घ्यायच्या. इतपत जुळवणं नेहमी जमतं. पण कधी कधी ते फार सुंदर जमतं. सुईच्या दिशेनं सगळं विश्व सरकवलं तरी एकही माप बदलत नाही, आणि यावर आणखीही कडक अटी पाळल्या जातात. अशा विश्वांना आता सासाकींचंच नाव आहे.

आता ती वेढ्यांची गोष्ट. समजा अशी एक खोली आहे, की पूर्वेच्या भिंतीतून बाहेर पडलं की पश्चिमेच्या भिंतीतून आत येतो. उत्तरेतून गेलं की दक्षिणेतून. छतातून वर गेलं की फरशीतून परत. या खोलीला कडा नाही, आणि तिच्यात न निघणारे स्वतंत्र वेढे तीन. मार्तिनेंच्या सिद्धांतानुसार तिच्यावर कॉन्टॅक्ट रचना बसते. तिच्याशी जुळणारं माप घेऊन कॉन्टॅक्ट मेट्रिकही होते. पण सासाकींचं ते सुंदर माप? १९६० च्या दशकात गणितज्ञांनी सिद्ध केलं, की ते माप हवं असेल तर आटोपशीर विश्वात अशा वेढ्यांची संख्या सम असावी लागते. शून्य चालेल, दोन चालतील, चार चालतील. तीन? नाही. त्या खोलीला सासाकींचं माप कधीही बसणार नाही. जगातला कुठलाही शिंपी ते शिवू शकणार नाही. तीन मितींच्या गोलात वेढे शून्य, त्याला ते बसतं.

मी पुन्हा पुन्हा विचारलं, ‘नुसते वेढे मोजून? एकही माप न घेता?’

‘एकही माप न घेता,’ ती म्हणाली. ‘मामू, मला हेच करायचं आहे. कुठल्या आकाराला काय बसतं आणि काय कधीच बसणार नाही, हे शोधायचं आहे.’

माझा शेवटचा प्रश्न तुम्हालाही पडला असेल. याचा उपयोग काय? तिनं प्रामाणिकपणे सांगितलं, की सासाकींनी उपयोगासाठी हे केलं नव्हतं. पण यंत्रमानवाचं चाक अडचणीच्या जागेत कसं वळवायचं, उष्णता आणि दाब यांचे नियम कसे मांडायचे, याच्या गणितात कॉन्टॅक्ट रचना येते. आपला मेंदू पाहतो कसा, यातही ती आली. कडेची दिशा ओळखणाऱ्या पेशी मेंदूत असतात, या शोधासाठी ह्यूबेल आणि वीझेल यांना १९८१ चं नोबेल मिळालं. जागा आणि तिथली दिशा, पुन्हा हॉयगेन्सची ती जोडी. पुढे काही गणितज्ञांनी मेंदूच्या त्या भागाचं वर्णन कॉन्टॅक्ट रचनेच्या भाषेत करून पाहिलं.

संध्याकाळी दाजी आले. मला स्टँडवर सोडायला टेंपोतूनच निघाले. वाटेत एका गोदामात दोन तागे टाकायचे होते. ते गोदाम बोळाच्या तोंडाशी. पुढे एक गाडी, मागे विजेचा खांब, मधे जेमतेम टेंपोची लांबी आणि वर दोन हात. दाजींनी बिडी विझवली, स्टेअरिंग कापलं, पुढे घेतलं, उलटं कापलं, मागे घेतलं. चार-पाच वेळा. टेंपो भिंतीला लागून उभा राहिला.

मी विचारलं, ‘दाजी, चाक आडवं जातं का हो?’

‘चाक आडवं कसं जाईल, भाईजान?’

‘मग टेंपो आडवा कसा सरकला?’

ते माझ्याकडे बघत राहिले. बहुधा तीस वर्षांत त्यांना हे कुणी विचारलं नव्हतं. म्हणाले, ‘पुढं-मागं करत जायचं. जागा आपोआप होते.’

‘तुमची मुलगी हेच शिकणार आहे. हे का होतं आणि कुठे कुठे होतं, ते.’

दाजी काही बोलले नाहीत. तागे उतरवून झाले. स्टँड आलं. उतरताना त्यांनी विचारलं, ‘याला पगार किती मिळतो?’

मला माहीत असलेलं सांगितलं. नेटची परीक्षा आहे, ज्युनिअर रिसर्च फेलोशिप मिळाली तर सरकार दरमहा पैसे देतं, म्हणजे घरातून घालावे लागत नाहीत. न मिळाली तर अवघड आहे, हेही लपवलं नाही. स्टेअरिंगवर हात ठेवून ते थोडा वेळ बसले. मग म्हणाले, ‘एक वर्ष बघू.’

एसटीत बसल्यावर माझ्या मनात आपल्याच गोष्टी येऊ लागल्या. घरात दखनी, शाळेत मराठी, कविता मराठीत. दोन्हीकडून एकच प्रश्न यायचा, की तुम्ही नेमके कुठल्या थरातले? उमेदीच्या वयात मी फार खटपट केली, सगळ्या पत्रिका जुळवून एक सलग पडदा करायची. तो झाला नाही. आणि आज वळून बघतो, तर जिथे जिथे पोचलो तो त्या न जुळण्यामुळेच पोचलो. हे गणित नाही, श्रोतेहो, हा माझा हिशेब आहे. गणितात मी काही सिद्ध केलेलं नाही.

भाची सध्या नेटचा अभ्यास करते आहे. वर्षातले पाच महिने गेले. दाजी तिला काही विचारत नाहीत. पण बहीण सांगत होती, की परवा मालकाच्या नव्या ड्रायव्हरला गाडी लावायला शिकवताना ते म्हणत होते, ‘घाई करू नको, चाकाला आडवं जाता येत नाही, पण गाडी जाते.’

बहीण मात्र माझ्यावर अजून रागावलेली आहे. म्हणते, ‘तुम्हाला तिला समजवायला पाठवलं होतं, भाईजान. तुम्हीच समजून आलात.’